पोराच्या फौजी मित्रांसाठी भरीत करताय? या चुका टाळा

सुट्टीवरून परत जाताना पोरगा म्हणाला, "आई, एकदा आमच्या पोरांना आपलं भरीत खाऊ घाल." पोरं म्हणजे अख्खी प्लाटून, तीसेक जणं. मी ५ किलो वांगी घेतली. ओट्यावर ढीग दिसत होता! भाजून, सोलून, देठं काढल्यावर जेमतेम अर्धं पातेलं. शेवटी लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, बिहारी आचाऱ्यानं त्यात उकडलेले बटाटे कुस्करले, "ये तो हमारा चोखा है" म्हणाला आणि माझी लाज राखली. तेव्हापासून माणशी ३०० ग्रॅम कच्चं वांगं धरते. म्हणजे ३० जणांना ९ किलो.

वांगी हिरवी, जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडची, भरताचीच. आकाराच्या मानानं हलकं लागेल ते घ्या. जड निघालं की आत नुसत्या बिया. आणि हे थंडीतलं काम आहे. वैशाखात भरताचा हट्ट नको, सरळ शेवभाजी करा.

कॅम्पात जाळ करू देतील असं धरून चालू नका. घरीच पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजा, गॅसवर तो धुराचा वास येतच नाही. भाजण्याआधी टोचे मारायला विसरलात तर वांगं फटकन फुटतं. (माझ्या नव्या लुगड्याला विचारा.) सोललेली वांगी चाळणीत निथळू द्या, नाहीतर भरताचं पिठलं होतं.

माझी सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या खेपेची. फोडणी देऊन, वर कांद्याची पात घालून, गरम भरीत झाकणबंद नेलं. चार तासांनी झाकण काढलं तर आंबूस वास! सगळं टाकलं. आता सोललेली वांगी गार करून बर्फाच्या पेटीत नेते. बडगीत (भरताच्या लाकडी भांड्यात) ठेचणं, फोडणी, पात, सगळं तिथंच, वाढायच्या तोंडावर.

तिखट आपल्या पोराच्या जिभेनं मोजू नका. त्या पंगतीत केरळचा असतो, बंगालचा असतो. मिरची निम्मी घाला, ठेचा वेगळा ठेवा, सोबत दही. शेंगदाणे कुणाला चालत नाहीत का, तेही आधी विचारा.

साठ भाकरी थापायचा उत्साहही नको. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या करा, भरताबरोबर तशाही झकास लागतात.

परवानगी मात्र पोराच्या शब्दावर सोडू नका. सुभेदार साहेबांचा होकार, लंगरची वेळ, शेगडी मिळणार का, हे आधी पक्कं करा. आणि जेवणावळीचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. मी टाकला होता, दहा मिनिटांत पोराचा फोन: "आई, आधी काढ तो."

भांड्यांवर नाव घालून न्या. माझी बडगी अजून लंगरमध्येच आहे. मागितली की आचारी म्हणतो, "माताजी, अगली बार ले जाना."