कुत्रेवाल्यांनो, एकमेकांना मदत करताना या चुका टाळा

सकाळच्या फेरीत भेटणाऱ्या कुत्रेवाल्या मंडळींना एकमेकांची नावं बरेचदा माहीतच नसतात. ‘ब्रूनोची आई’, ‘सिंबाचे बाबा’, ‘लॅब्रॅडॉरवाल्या काकू’ एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. तरीही मध्यरात्री कुत्र्याला फिट आली की पहिला फोन सख्ख्या भावाला जात नाही, ब्रूनोच्या आईला जातो. मी अशा मंडळींमध्ये 12 वर्षं आहे आणि या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण मायेपोटी केलेल्या मदतीतूनच कुत्र्याच्या जिवावर बेतलेलंही मी पाहिलंय. त्यातलं एक उदाहरण माझ्याच घरातलं.

माझी राणी जर्मन शेफर्ड. एका रात्री खाणं झाल्यावर तासाभरात ती अस्वस्थ झाली. एका जागी बसेना. मान खाली घालून ओकारीचे उमाळे काढायची, पण फेसाळ लाळेपलीकडे तोंडातून काही येत नव्हतं. मी चौघांना फोन केले. एकाने गॅसची गोळी सांगितली, दुसऱ्याने उपाशी ठेवायला सांगितलं, तिसरी म्हणाली, “आमच्याकडे अगदी असंच झालं होतं, सकाळपर्यंत आपोआप बरा झाला.” पाऊण तास यातच गेला. चौथा फोन सिंबाच्या बाबांना. त्यांनी काही सुचवलं नाही, विचारलं, “पोट फुगलंय का? टिचकी मारून बघा, ढोलकीसारखं वाजतंय का?” वाजत होतं. “गाडी काढतो, खाली या,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

राणीचं जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळलं गेलं होतं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये हे जास्त होतं. पीळ पडला की जठराचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रं जातं. गोळीने तो पीळ सुटत नाही, शस्त्रक्रियाच लागते. राणी वाचली, पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “इतका वेळ कशात घालवलात?”

प्रश्न विचारण्याआधी औषध सांगणं

आपल्या मंडळींमधली ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितो. ‘माझ्या कुत्र्याला लागू पडलं’ हे खरंच असतं. पण ते त्या कुत्र्याच्या वजनाला, वयाला आणि जातीला लागू पडलेलं असतं. गोचिडांवर आणि खरजेवर सर्रास सुचवलं जाणारं आयव्हरमेक्टिन घ्या. कोली आणि त्या वंशाच्या अनेक कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मोठ्या मात्रेत मेंदूपर्यंत पोहोचतं. शेजारच्या कुत्र्याला मानवलेला डोस अशा कुत्र्याला बेशुद्ध करू शकतो. माणसांच्या गोळ्यांचंही तेच. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घरात असतातच, म्हणून कुणीतरी ‘अर्धी द्या’ म्हणतं. यकृत, मूत्रपिंड, जठर यांची हानी त्या अर्ध्या गोळीनेही होऊ शकते, लहान कुत्र्यात तर नक्कीच.

मीठ-पाणी पाजून उलटी काढायला कुणी सांगत असेल तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. इतक्या मिठाने रक्तातलं सोडियम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात. पोटात ॲसिडसारखं काही गेलं असेल तर उलटीबरोबर ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. उलटी काढायची की नाही, कशाने काढायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

‘अजून तर ठीक दिसतोय, वाट बघा’ हा सल्लाही तितकाच घातक. कांदा-लसूण पोटात गेल्यावर तांबड्या पेशी फुटायला लागतात, पण कुत्रं मलूल दिसायला काही दिवस जाऊ शकतात. द्राक्षं आणि मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, तेही लगेच कळत नाही. उलट शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तासाभराच्या आत रक्तातली साखर खाली आणू शकतं. चॉकलेट जितकं काळं, तितकं विषारी.

मग फोन आल्यावर करायचं काय? विचारायचं. वजन किती, वय किती, केव्हापासून, काय खाल्लं, त्याचं वेष्टन सापडतंय का. वरचा ओठ उचलून हिरडी बघायला सांगायची. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी पांढरीफटक, निळसर किंवा विटकरी लाल दिसली तर पुढे बोलत बसू नका, निघा. अंगाला हात लावून ‘ताप आहे’ असंही सांगू नका. कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस. नाक कोरडं म्हणजे ताप, यातही तथ्य नाही. थर्मामीटर लावल्याशिवाय ताप कळत नाही.

आणि अशा वेळी खरी मदत लागते ती हातापायांची. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, गाडी कुणाकडे आहे, 35 किलोचं कुत्रं चादरीत घालून जिना उतरवायला दुसरा माणूस कोण, घरातल्या लहान मुलाजवळ कोण बसणार. याची यादी आधीच करून प्रत्येकाच्या फ्रिजवर लावून ठेवा. त्या यादीत रक्तदात्या कुत्र्यांची नोंदही हवी. निरोगी, लसीकरण झालेली, साधारण 1 ते 8 वर्षांची, 25 किलोच्या वरची आणि शांत बसणारी कुत्री रक्त देऊ शकतात. गोचीडतापात किंवा अपघातात रक्त लागलं की बाटली मिळवायला फार धावपळ होते. आपल्यातल्या कुणाचं कुत्रं दाता होऊ शकतं आणि त्याचा रक्तगट कोणता, हे आधी तपासून ठेवलं तर ते तास वाचतात.

हरवलेल्या कुत्र्यामागे सगळ्यांनी धावणं

कुत्रं सुटल्याचं कळलं की 20 माणसं हाका मारत निघतात. प्रेमानेच निघतात, पण फटाक्याला किंवा गाडीच्या हॉर्नला घाबरून पळालेलं कुत्रं त्या क्षणी फक्त जीव वाचवत असतं. अनोळखी माणसं आपल्या नावाने ओरडत अंगावर येताहेत, एवढंच त्याला कळतं आणि ते आणखी लांब जातं. मालकाची हाकसुद्धा त्याला बरेचदा ओळखू येत नाही. रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतं ते अशाच पाठलागात.

एका माणसाने कुत्रं शेवटचं दिसलं त्या जागी थांबावं. मालकाचा न धुतलेला शर्ट, कुत्र्याचं अंथरूण आणि पाणी तिथे ठेवावं. बरीच कुत्री अंधार पडून वर्दळ ओसरली की त्याच वाटेने परत येतात, आणि नेमकी तेव्हा सगळी मंडळी थकून घरी गेलेली असतात. म्हणून पाळ्या लावा. बाकीच्यांनी लांबून वाचता येतील अशी पत्रकं लावावीत: मोठा फोटो, मोठा फोन नंबर आणि ‘पकडायला जाऊ नका, फक्त कुठे दिसला आणि कुठल्या दिशेने गेला ते कळवा’ अशी ओळ. कुत्र्याची एखादी खूण मात्र पत्रकात लिहू नका. ‘तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला की तीच खूण विचारायची.

कुत्रं समोर दिसलंच तर उभ्याने त्याच्याकडे जाऊ नका. त्याच्याकडे बाजू करून जमिनीवर बसा, नजर भिडवू नका, खाऊची पिशवी हळूच चुरचुरवा. दहा मिनिटं लागोत की चाळीस, त्यालाच येऊ द्या.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज आहे. चिपवरून कुत्रं कुठे आहे ते कळत नाही. तिच्यात फक्त एक नंबर असतो, बहुधा 15 आकडी, आणि तो स्कॅनरशिवाय दिसत नाही. त्या नंबरापुढे तुमचा जुना फोन नंबर नोंदलेला असेल तर चिप असून नसल्यासारखी. आजच तपासा.

‘सोडा हो, त्यांचं ते बघून घेतील’

दोन अनोळखी कुत्री ताणलेल्या पट्ट्यांवर समोरासमोर नाकाला नाक लावताहेत आणि वर दोन मालक गप्पा मारताहेत, हे रोजचं दृश्य. ताणलेल्या पट्ट्यामुळे कुत्र्याला मागे सरता येत नाही, बाजूलाही होता येत नाही. मग उरतो फक्त हल्ला. नवीन कुत्र्याची ओळख चालता चालता करून द्या: दोघं एकाच दिशेने, मध्ये भरपूर अंतर ठेवून, ते हळूहळू कमी करत. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं धरून चालू नका. उंच, ताठ शेपटीचं फक्त टोक थरथरतंय, अंग लाकडासारखं झालंय, तोंड मिटलंय, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतोय, असं असेल तर कुत्र्याला तिथून वळवा.

झुंज लागलीच तर गळपट्ट्याला हात घालू नका. माणसांना चावे बरेचदा तिथेच बसतात. पाणी ओता, मोठा आवाज करा, दोघांच्या मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवा. नंतर केसांच्या आत बोटं घालून नीट तपासा. दाताचं भोक वरून मुगाएवढं असतं आणि खाली कातडी वीतभर सुटलेली असू शकते.

माणसाला चावा बसला की मैत्रीची भीड आड येते. ‘आपल्याच ब्रूनोचा दात लागला, त्याची लस झालीय, कशाला बाऊ?’ असं म्हणून माणूस गप्प बसतो. असं करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ब्रूनोच्या आईनेही लसीचं कार्ड स्वतःहून आणून दाखवावं आणि बरोबर जावं. यात कुणाचा अपमान नाही.

‘तू अल्फा हो, त्याला उताणं पाड’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो तेव्हा वाईट वाटतं. ही कल्पना कोंडलेल्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून 1940 च्या दशकात आली. पुढे डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकानेच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला उताणं पाडलं की ते गुरगुरणं सोडू शकतं आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतं.

खोकला लपवणं

घशात काही अडकल्यासारखा कोरडा, ठसकेबाज खोकला आणि शेवटी उबळ, म्हणजे बहुधा केनेल कफ. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पटकन जातो आणि लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत 2 ते 14 दिवस जाऊ शकतात. लोक सांगत नाहीत, कारण मंडळी बोल लावतील अशी भीती असते. आणि मंडळी खरंच बोल लावतात. हे दोन्ही थांबायला हवं. ज्याने सांगितलं त्याचे आभार माना, दोन आठवडे त्याला वेगळ्या वेळेला फिरू द्या आणि कुत्र्याची चौकशी करत राहा.

पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचं, तर फारच जपायला हवं. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पिल्लाचं लसीकरण साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतं. तोवर त्याला सगळ्यांच्या मैदानावर खाली सोडायला लावू नका. पण म्हणून घरात कोंडायलाही सांगू नका, कारण जगाची ओळख व्हायचं त्याचं वय तेच असतं. कडेवर घेऊन फिरवता येतं, लस झालेल्या शांत मोठ्या कुत्र्याच्या घरी नेता येतं.

दुसऱ्याचं कुत्रं सांभाळताना

‘आपलंच समजा’ म्हणून कुत्रं सोपवलं जातं आणि कुणी काही लिहून देत नाही. खाण्याचं माप, औषधाच्या वेळा, कशाला घाबरतो, डॉक्टरांचा नंबर, मालकाचा फोन लागला नाही तर कुठल्या खर्चापर्यंत उपचार करायचे, हे कागदावर घ्या. मालक गावाला गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस कुत्रं बरेचदा दारातून निसटायला बघतं, म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला आणि पट्टा कधीही सोडू नका, मग ते घरी कितीही आज्ञाधारक असो.

दत्तक आणलेल्या कुत्र्याला बघायला पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी जाऊ नये. बुजलेपणा जायला 3 दिवस, घराची रीत कळायला 3 आठवडे, खरं रुळायला 3 महिने, असा आमच्यात अंदाज धरतात. काहींना जास्तही लागतात.

कुत्रं गेल्यावर बोलायची घाई

‘दुसरं पिल्लू आण, मन रमेल.’ ‘आमचा तर 15 वर्षं जगला.’ ‘लवकरच इंजेक्शन दिलंत का?’ ही वाक्यं मी स्वतः ऐकली आहेत. तिसरं वाक्य माणूस कित्येक वर्षं मनात घोळवत राहतो. इंजेक्शन देऊन कुत्र्याला शांतपणे जाऊ द्यायच्या त्या निर्णयाबद्दल कुणीही, कधीही प्रश्न करू नये. मालकाने विचारलंच, “मी बरोबर केलं ना?” तर तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंत ते सांगा: त्याला उठता येत नव्हतं, तो खात नव्हता, तू शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतास.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवा. सोबती गेल्यावर बरीच कुत्री खाणं कमी करतात, दाराशी बसून राहतात. ते आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांना दाखवायला सुचवा.

आणि सकाळी साडेसहाला त्या माणसाच्या दारात जा. ती वेळ सगळ्यात अवघड असते: पट्टा खुंटीवर, बूट पायात घालायची सवय तशीच, आणि बाहेर पडायला कारण नाही. लॅब्रॅडॉरवाल्या काकूंचा कुत्रा गेला तेव्हा आम्ही पाळीपाळीने त्यांच्याकडे जायचो. आठवडाभर त्या दारातूनच ‘नको’ म्हणाल्या. आठव्या दिवशी चपला घालून आल्या. राणीचा पट्टा मी त्यांच्या हातात दिला आणि आम्ही नेहमीची फेरी मारली.