जुनी बाईक वार्षिक तपासणीला न्यायच्या आधी काय काय बघायचं

जुन्या बाईकवाल्यांचं सगळं लक्ष इंजिनावर असतं, आणि गाडी अडकते ती ब्रेक लाइट, ढिला कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), झिजलेला टायर असल्या गोष्टींवर. तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका, निदान तीनेक आठवडे आधी हात घाला, कारण जुन्या मॉडेलचे पार्ट लगेच मिळतीलच असं नाही आणि एक काम खोललं की त्यातून अजून दोन निघतातच.

आधी गाडी नीट धुवा. चिखल आणि ऑईलचा थर गेला की चिरलेला ब्रेक होस, वेल्डिंगजवळचा गंज, कुठून तरी पाझरणारं ऑईल हे सगळं दिसायला लागतं. चेसिस नंबर वाचता येतोय का बघा, येत नसेल तर रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा, तिथे सँडपेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबरशी छेडछाड केलीय असा संशय आला की मोठी डोकेदुखी होते.

मग लाइट. हाय बीम, लो बीम, टेल लाइट, चारी इंडिकेटर, हॉर्न, नंबर प्लेटचा दिवा. ब्रेक लाइट पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलने असा वेगवेगळा चेक करायचा, बरेच जण एकच बघतात आणि दुसरा स्विच कधीचा बंद पडलेला असतो. इंडिकेटर लावल्यावर त्याच्या तालावर टेल लाइट पण मंद होत असेल तर बल्ब बदलत बसू नका, तो अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे. टेल लाइटच्या अर्थ वायरचं टोक फ्रेमला जिथे बसतं तो बोल्ट काढा, खालचा गंज आणि रंग घासून चकचकीत करा, थोडं व्हॅसलीन लावून परत घट्ट बसवा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं. बॅटरी बारा व्होल्टची असेल तर इंजिन रेस केल्यावर मल्टीमीटरवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला पाहिजेत.

आता कोन सेट, याला मात्र वेळ द्या. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक जमिनीपासून उचला, फोर्क खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकला, टक टक जाणवलं तर बेअरिंग ढिलं आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला एका बोटाने हळू फिरवा. अगदी मधोमध, म्हणजे सरळ चालताना जिथे असतं तिथे, हँडल खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत, मग नट आवळून काही होत नाही उलट हँडल जड होतं, तिथे सेटच बदलायचा. चाक उचललेलंच आहे तर ते वरखाली धरून हलवून चाकाचं बेअरिंगही बघून घ्या. मागे चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, डावी-उजवीकडे हलवा, खेळ म्हणजे ढिलेपणा जाणवला तर बुश गेलेत.

फोर्कच्या दांड्या कोरड्या पुसा, पुढचा ब्रेक धरून गाडी जोरात आठ-दहा वेळा दाबा आणि परत बघा. ऑईलचं कडं उमटलं तर सील गेलं, आणि दांडीवर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सीलही टिकणार नाही, ते ऑईल खाली ब्रेकवर उतरतं ते वेगळंच.

ब्रेकमध्ये डिस्क असेल तर पॅडची जाडी बघा, डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते तीही मोजा. लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर हवा काढून नवीन फ्लुइड भरा, डॉट ४ हे ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच. ड्रम असेल तर ब्रेक दाबल्यावर आर्म आणि रॉडमधला कोन बघा, तो नव्वद अंशांच्या पार गेला तर लायनर (ब्रेक शूवरचं घासणारं अस्तर) संपत आलेत. नवीन पॅड किंवा शू टाकले तर ते बसायला थोडं चालवावं लागतं, त्यामुळे हे काम तपासणीच्या सकाळी करू नका.

टायरच्या साइडला DOT या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी कडेला भेगा पडल्या असतील तर टायर बदला, यात काटकसर नको.

चेन चाक फिरवत सगळीकडे तपासा, जिथे सगळ्यात टाइट असेल तिथेच ढिलाई मोजायची, आणि मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर दात उघडा पडत असेल तर चेन-स्प्रॉकेट सेट गेला. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर स्वतःहून परत यायला हवा, हँडल पूर्ण वळवलेलं असतानासुद्धा.

धुराची तपासणी असेल तर एअर फिल्टर आणि प्लग आधी साफ करा किंवा बदला. सायलेन्सरचा जॉइंट लीक आहे का हे इंजिन थंड असतानाच बघायचं, स्टार्ट करून मागचं तोंड जाड फडक्याने दोन सेकंद झाकलं की फुसफुस ऐकू येते.

त्या दिवशी सकाळी गाडी धुऊ नका, ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक लागत नाही. टायरची हवा थंड असताना भरा, हेडलाइट भिंतीवर पाडून एकदा बघा आणि निघताना थोडं लांबून फिरून जा, म्हणजे इंजिन पूर्ण गरम होऊन धुराचे आकडे नीट येतात. तपासणाऱ्याने काही दोष काढला तर नेमका खेळ कुठे आहे ते हात लावून दाखवायला सांगा आणि कागदावर लिहून घ्या, मेकॅनिकला तेच दाखवायचं.