हल्ल्यानंतर युद्धाची भाषा सुरू झाली की वहीत काय लिहावं

दहशतवादी हल्ला झाला की आमच्या वाचनालयात पोरं पेपर उघडतात आणि विचारतात, ‘काकू, आता युद्ध होणार ना?’ मी त्यांना वही काढायला लावते. राग येणं रास्तच आहे, मलाही येतो. पण युद्ध करायचं की नाही हा निर्णय राजकीय असतो, आणि जिचा नवरा बॉर्डरला उभा राहिलाय तिला तरी तो तपासून घेता आला पाहिजे.

पानावर तारीख घाला. खाली तीन वेगवेगळे प्रश्न लिहा: हल्ला कुणी केला, त्यांना कुणी पाठवलं, आणि त्यामागे कुठल्या सरकारचा हात आहे. प्रत्येकापुढे पुरावा काय आणि तो कोण देतंय हे टिपा. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत विमानं पळवणारे १९ जण होते, त्यातले १५ सौदी. कट अल कायदाचा, त्यांना थारा अफगाणिस्तानात. तरी मार्च २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली. ज्या महासंहारक अस्त्रांचं कारण दिलं होतं, ती तिथं निघालीच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळ, हिच्यासाठी अर्धं पान ठेवा: युद्धातून नेमकं काय मिळवायचंय? ‘धडा शिकवायचा’ असं लिहू नका, धडा शिकला की नाही हे मोजायचं कसं? ‘अमुक तळ नष्ट करायचे’, ‘अमुक माणसं ताब्यात घ्यायची’ असं लिहा.

हे मी ऑपरेशन पराक्रममध्ये शिकले. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांतच फौज सीमेकडे निघाली, पाचेक लाख जवान. आमचे हे रजेवर आले होते. बोलावणं आलं तसे निघाले, पलटण राजस्थानच्या सीमेवर होती. पंजाब-राजस्थानात शेतांमधून सुरुंग पेरले गेले. मोठ्या तुकड्या जागेवर पोचायलाच जवळपास तीन आठवडे गेले. तोवर परदेशी मंत्र्यांची ये-जा सुरू झाली होती, १२ जानेवारीला पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी दहशतवादाविरुद्ध भाषण केलं आणि पाऊल थबकलं. १४ मे ला जम्मूजवळ कालूचकला हल्ला झाला, त्यात जवानांच्या बायका आणि मुलं मारली गेली. त्या रात्री आमच्या आळीतल्या बायका एसटीडी बूथसमोर रांगेत होत्या, फोन कुणालाच लागत नव्हता. पुन्हा युद्ध दाराशी आलं, पुन्हा थांबलं. ऑक्टोबर २००२ मध्ये फौज मागे घ्यायचं ठरलं. भारतानं पाकिस्तानला हव्या असलेल्या २० जणांची यादी दिली होती, ती माणसं काही मिळाली नाहीत. युद्ध न होताही सुरुंगांनी आणि अपघातांनी शेकडो जवान दगावले किंवा जायबंदी झाले. फौजेनं सांगितलेलं सगळं केलं. काय साधायचं हे वर बसलेल्यांनी आधी ठरवायला हवं होतं, असं मी आजही ठामपणे म्हणते.

निर्णय कुणी घेतला तेही लिहा. आपल्याकडे तो सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती घेते: पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, परराष्ट्र, अर्थ या खात्यांचे मंत्री. आधी संसदेत मतदान घेण्याचं बंधन नाही. सर्वपक्षीय बैठकीत माहिती देतात, मतं मोजत नाहीत. ब्रिटनमध्ये १८ मार्च २००३ ला इराकवर मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९, आणि रॉबिन कुक या युद्धाला विरोध म्हणून आदल्याच दिवशी मंत्रिपद सोडून मोकळे झाले होते. आपल्या सभागृहात प्रश्न कुणी विचारला, उत्तर मिळालं का, एवढं तरी टिपाच.

मग दुसरे रस्ते. मुंबईवर २००८ मध्ये हल्ला झाला, १६६ माणसं गेली, सरकारनं युद्ध केलं नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यामुळं जगापुढे माणूस उभा करता आला, खटला चालला, २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. याच हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणायला २०२५ उजाडलं. पाकिस्तानातला खटला मात्र रखडलाच. हा रस्ता लांबचा आहे, हेही लिहा.

शेवटचा रकाना किमतीचा. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा. ७ ते १० मे लढाई झाली आणि पूंछमध्ये तोफगोळ्यांनी साधी माणसं मेली. त्यांनाही या रकान्यात जागा द्या.

सहा महिन्यांनी तेच पान उघडा. हेतूच्या ओळीपुढे ‘झालं’, ‘अर्धवट’ किंवा ‘नाही’ लिहा. मग खासदारांना पत्र लिहा, मुद्दे तीनच ठेवा: काय साधायचं होतं, किती साधलं, जखमी जवानांना आणि सीमेवरच्या घरांना काय मिळालं. तारखा घाला, शिव्या घालू नका. पत्र नेऊन द्या आणि पोच घ्या.