गिटारीचं लाकूड पारखताना आधी तबली बघा

दुकानात गिटार मागितली की विक्रेता ती उलटी करून पाठीचं चकचकीत शिसव दाखवतो. ती सुलटी करून घ्या. आवाजाचा मोठा भाग ठरतो तो वरच्या फळीवर, म्हणजेच तबलीवर. तारांचं कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या फळीवरच्या तुकड्यातून, आधी तिच्यात उतरतं. स्टीलच्या 12 नंबरच्या (सर्वांत बारीक तार 0.012 इंच जाड) सहा तारा मिळून 70 किलोच्या वर ताण देतात आणि तो पेलणारी फळी असते जेमतेम 3 मिमी जाड. म्हणून ती हलकीही हवी आणि कडकही. जड फळी हलत नाही, लेचीपेची फळी ब्रिजमागे फुगते.

मिरजेच्या तंबोऱ्यात हेच दिसतं. पाठीला भोपळा, पुढे तून लाकडाची तबली. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस यांनी तर 1862 मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली. वरची फळी तेवढी चांगल्या स्प्रूस लाकडाची ठेवली. मुद्दा तोच होता.

वरच्या फळीसाठी बहुतेक वेळा दोनच लाकडं समोर येतात. स्प्रूस फिकट पिवळसर. जोरात स्ट्रमिंग केलं तरी त्याचा आवाज फाटत नाही, स्वर स्वच्छ सुटे ऐकू येतात. सीडर तांबूस आणि हलकं. बोटांनी हळुवार वाजवलं तरी ते लगेच बोलतं, पण फार जोर लावला की आवाज दबतो. शिवाय मऊ असल्यानं नखाचा ओरखडासुद्धा उठतो. भजन-गाण्यांना जोरकस साथ करायची असेल तर स्प्रूसच घ्या.

आता खरी तपासणी. ‘स्प्रूस टॉप’ एवढंच लिहिलं असेल तर ते प्लायही असू शकतं. मोबाइलचा टॉर्च लावून साउंडहोलची, म्हणजे फळीतल्या गोल भोकाची, कड निरखा. वरच्या बारीक उभ्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर फळी सलग लाकडाची, म्हणजे सॉलिड. कडेला सँडविचसारखे तीन थर दिसले की प्लाय. कडेवर रंग किंवा पट्टी असेल तर आतून आरसा धरून बघा. रेषा सरळ आणि जवळजवळ असाव्यात; तिरक्या पळत असतील तर त्या बाजूला फळी कमजोर पडते. मग तारा तळहातानं दाबून ब्रिजजवळ बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारा. घुमणारा ठोका आला तर ठीक. ‘टक्’ होऊन लगेच विरला, तर फळी जाड आहे किंवा आतल्या पट्ट्या जड आहेत. या पट्ट्या बिघडल्या की उत्तम स्प्रूसही वाया जातं.

पाठ आणि बाजू यांनी आवाजाला रंग येतो. शिसव जड असतं; खर्ज भरीव, वरचे स्वर चमकदार आणि गुंज लांब. महोगनी हलकं, मधले स्वर पुढे येतात, गुंज लवकर आवरते, त्यामुळे गाणाऱ्याच्या आवाजाखाली ते छान बसतं. पैसे मोजकेच असतील तर वर सॉलिड स्प्रूस आणि पाठीला प्लाय, ही निवड अगदी योग्य आहे. इलेक्ट्रिक गिटारीत मात्र लाकडापेक्षा तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपवर खर्च करावा.

तुलना करताना दोन्ही गिटारी एकाच आकाराच्या आणि तारा सारख्याच नव्या हव्यात. जुन्या तारांवर शिसवही मुकं वाटतं. दुसऱ्याला वाजवायला सांगून सहा-सात फुटांवर समोर उभं राहा, कारण आवाज पुढे जातो.

सॉलिड लाकूड हवा ओळखतं. त्याला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. जत-आटपाडीकडच्या एप्रिलमध्ये फळी आकसते. मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं टोचतात, तीच पहिली खूण. दुर्लक्ष केलं तर रेषेच्या दिशेनं चीर जाते. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवा. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात उलट होतं, तिथे सिलिका जेल लागतं. भिंतीवर टांगूनच ठेवणार असाल तर त्या भागात प्लायची गिटार बरी.

पावसाळ्यात फळी फुगून तारा वर उठतात. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2.5 मिमी उंच असावी. श्रावणात ती 3 मिमीच्या वर गेली म्हणून लगेच सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासू नका. दिवाळीनंतर फळी खाली बसते आणि घासलेल्या सॅडलवर तार फ्रेटना लागून खरखरते. आधी केसमध्ये आठवडाभर सिलिका जेल ठेवून पुन्हा मोजा.