कंपोस्ट प्लांटचा वास आणि धूळ कमी करायची तर सुरुवात गेटवरून करा

गावातून वासाची तक्रार आली की बहुतेक प्लांटवर पहिलं काय येतं तर सुगंधी फवारा मारायचं मशीन. कृपया त्यात पैसे घालू नका. ढिगातून निघणारा वायू तसाच हवेत जातो, वरून नुसता अत्तराचा वास चढतो, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना दोन्हीचा त्रास होतो. वास तयारच कमी होईल असं बघायचं, आणि ते नव्वद टक्के पहिल्या दिवशीच्या मिक्सिंगवर असतं असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचा ओला कचरा म्हणजे भाजी मार्केटचा माल, हॉटेलचं खरकटं, शहाळी, फुलं, सगळं पाण्याने भरलेलं. हा ट्रक आला की त्याच दिवशी मिक्स झाला पाहिजे, रात्रभर तसाच पडला तर सकाळपर्यंत तो आतून आंबतो आणि मग पहिल्या पलटीला, म्हणजे ढीग खालीवर करताना, जो भपका सुटतो तो गावापर्यंत जातो. त्यामुळे कोरडा माल आधीपासून गेटजवळ साठवलेला हवा: उसाचं पाचट, बगॅस म्हणजे उसाचा चोथा, लाकडाचा भुसा, झाडांच्या फांद्यांचा चुरा. कर्ब नत्राचं (कार्बन आणि नायट्रोजनचं) प्रमाण २५ ते ३० ला १ धरा. भाजीपाल्याचं साधारण १५ ते २० असतं, कोंबडी खताचं त्याहून कमी, भुशाचं २०० च्या वर, म्हणजे कुठला माल कशात घालायचा ते कळतं. पण नुसता भुसा घालून भागत नाही बरं का, तो बारीक असतो, ढीग बसतो, थोडे जाड तुकडे लागतातच.

हे तपासायला लॅब नको, १० लिटरची बादली पुरे. एक तृतीयांश भरा, वीतभर उंचीवरून दहा वेळा जमिनीवर आपटा, मग दोन तृतीयांशपर्यंत भरा, पुन्हा आपटा, शेवटी काठोकाठ भरून न आपटता वजन करा. बादलीचं वजन सोडून ६ किलोच्या आत असेल तर हवा खेळेल, वर गेलं तर आणखी जाड माल घाला. ओलावा ५० ते ६० टक्के हवा, मूठभर घेऊन घट्ट दाबा, एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर सगळं सुटं झालं तर कमी.

तरीही वास आला तर कुठला येतोय ते बघा. डोळ्यांत झोंबतो तो अमोनिया, म्हणजे नत्र जास्त झालंय, कर्ब वाढवा, आणि अशा वेळी चुना अजिबात मारू नका!! चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि अमोनिया उलट जास्त सुटतो, पण वास आला की चुना ही सवय इतकी मुरलेली आहे की सुपरवायझरला बजावून सांगावं लागतं. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आत हवा संपली आहे. आंबट, ओकारी येईल असा वास ताज्या खरकट्याच्या ढिगाला येतो, त्यात तयार झालेलं खत थोडं मिसळा आणि हवा वाढवा. हवा संपलेल्या ढिगातून मिथेनपण निघतो हे विसरू नका, त्याला वास नसतो म्हणून कोणी तक्रार करत नाही एवढंच.

ढिगात हवा सोडणारा ब्लोअर असेल तर ढिगातला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, ५ च्या खाली जाऊ देऊ नका. तापमान ५५ ते ६५ अंश. उघड्या विंड्रोत (कचऱ्याच्या लांबट ढिगात) रोगजंतू मरायला ५५ च्या वर १५ दिवस आणि त्यात ५ पलट्या असा अमेरिकेतला नियम आहे, तो धरून चालायला हरकत नाही. पलटी मारायची वेळ मात्र नीट निवडा. हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी थंड हवा जमिनीलगत अडकते, वारा पडलेला असतो, तेव्हा जेसीबी घातला तर सगळा वास शेजारच्या वस्तीत जाऊन बसतो. दुपारी ११ ते ३ मध्ये ऊन असताना करा, आणि आधी ढिगावर पाणी मारा, त्याने धूळ आणि वायू दोन्ही कमी उडतात.

स्वस्तात होणारं सर्वात चांगलं काम म्हणजे नव्या ढिगावर तयार खताचा १५ ते ३० सेंटीमीटरचा थर. त्यातले जिवाणू वर येणारे वायू खातात. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन व्हॅलीत यावर चाचण्या झाल्यात आणि सेंद्रिय वायू बरेच कमी झालेले दिसलेत. प्रत्येक पलटीनंतर थर पुन्हा द्यावा लागतो, ते टाळू नका.

बंद शेड असेल तर हवा ओढून बायोफिल्टरमधून, म्हणजे जिवाणू वास खातील अशा थरातून, सोडा. हिशोब सोपा आहे, हवा फिल्टरमध्ये साधारण एक मिनिट राहिली पाहिजे, म्हणजे ताशी ३६०० घनमीटर हवेला ६० घनमीटर लाकडाचे तुकडे आणि खताचं मिश्रण, जाडी एक ते दीड मीटर. ते ओलं ठेवा, सुकलं की जिवाणू मेले आणि भेगांतून हवा सरळ बाहेर. अमोनिया जास्त असेल तर आधी पातळ सल्फ्युरिक आम्लाचा स्क्रबर (हवा धुणारं यंत्र) लावा, नाहीतर फिल्टर खराब होतो.

आता चाळणी. सिटी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात ओलावा १५ ते २५ टक्के धरलाय, आणि ४० च्या खाली गेलं की धूळ उडायला लागते, म्हणजे ट्रॉमेलपाशी (फिरत्या गोल चाळणीपाशी) धूळ होणारच. त्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, फुफ्फुसाला वाईट. ट्रॉमेल झाका, धूळ ओढणारा पंखा आणि बॅग फिल्टर लावा, तिथल्या माणसांना कापडी रुमाल नाही तर एन ९५ मास्क द्या. चाळून उरलेलं प्लास्टिक रोज उचला, पेटवायचा विचारही नको, हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५ हजार दंड सांगितलाय.

लीचेटची, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याची, गटारं रोज साफ करा, त्याच्या टाकीला झाकण घाला आणि आतल्या पाण्यात हवा सोडा. पावसाळ्याआधी छप्पर पूर्ण करा, आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस उघड्या ढिगावर पडला तर वरचं सगळं मिक्सिंग वाया जातं.

आणि तक्रार वही ठेवा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कसला, त्या वेळी प्लांटवर काय चाललं होतं. गावातल्या लोकांना प्लांटचा एक नंबर द्या जो खरंच उचलला जातो, आणि काय केलं ते त्याच दिवशी फोन करून कळवा.