मालधक्क्याचा आवाज मोजताय? या चुका टाळा

रेल्वेच्या नव्या मालधक्क्याच्या आवाजाचा आणि कंपनांचा अहवाल हातात आला की मी आधी परिशिष्टातली मूळ आकडेवारी उघडतो. ‘परिणाम नगण्य’ हे वाक्य कुठून आलं, ते तिथेच सापडतं.

चोवीस तासांची सरासरी

ही चूक आता डोक्यात जाते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री एकच मालगाडी आली आणि घराशी ९० सेकंद ८० डेसिबलने धडधडली असं धरा. चोवीस तासांवर पसरली तर सरासरी येते ५०. ५५ च्या आत, सगळे खूश! तीच गाडी रात्रीच्या आठ तासांवर पसरा, ५५ येतात. मर्यादेच्या १० वर. झोपमोड करणारा कमाल आवाज तर दोन्हींत दिसत नाही, तो वेगळा नोंदवा.

भलत्या मोसमातली आधारपातळी

कोकणातल्या एका प्रस्तावाच्या अहवालात, भातखाचरांतल्या वाडीची रात्रीची आधारपातळी, म्हणजे धक्का येण्याआधीचा तिथला आवाज, चक्क ५८ डेसिबल होती. त्यावर मालधक्क्याची भर जेमतेम एक डेसिबल, म्हणून चिंता नको! मी रेकॉर्डिंग मागवलं. सप्टेंबरची रात्र, बेडूक, रातकिडे आणि मागे गणपतीची आरती. वर्णपटात, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती आवाज ते दाखवणाऱ्या आलेखात, ४००० हर्ट्झपाशी रातकिड्यांचं टेकाड उभं. सल्लागाराचा पोरगा म्हणाला, “सर, सबमिशनची तारीख जवळ होती.” जानेवारीत पुन्हा मोजायला लावलं, तर आकडा चाळिशीच्या खाली. मी तर पावसाळ्यातली आणि सणातली रात्र हिशेबातच धरत नाही. रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय कुठलीच धरत नाही.

बाकीच्या

फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजू नका. शंटिंगमध्ये (डबे जोडता-तोडताना) वाघिणी, म्हणजे मालडबे, एकमेकींवर आदळतात, इंजिन तासन्‌तास चालू उभं असतं, कंटेनर उचलणारी यंत्रं मागे येताना पीं-पीं करतात.

जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारं यंत्र, सुट्या शहाबादी फरशीवर ठेवला तर फरशीचं नाचणं मोजाल. घराच्या जोत्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्का बसवा.

कंपनं मालाने भरलेल्या गाडीची मोजा. आणि ध्वनिरोधक भिंत हा कंपनांवरचा उपाय म्हणून लिहू नका, कंपनं जमिनीतून जातात.

मोबाइलच्या अ‍ॅपवर आकडे घेऊन येणाऱ्यांनी आधी मीटर आणि कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज देऊन मीटर तपासणारं उपकरण) आणावा. मोजणीच्या आधी आणि नंतर तपासा. अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला की मी ती रात्र सरळ रद्द करतो.