भांगलण, निंदण आणि लिहून मिळणारे पैसे

शेतीसल्ल्याचे छोटे मोबाइल संदेश इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मला मिळालं, तेव्हा मी फुलटाइम नोकरी सोडून जेमतेम ४ महिने झाले होते. माहेर सातारचं, त्यामुळे तण काढण्याच्या संदेशात मी सरळ ‘भांगलण करून घ्या’ असं लिहून मोकळी झाले. आठवड्याभरात यवतमाळच्या कार्यकर्त्याचा फोन. “मॅडम, शेतकरी विचारून राहिले, भांगलण म्हणजे काय? आमच्याकडे निंदण म्हणतात.” आणखी कुठे त्यालाच खुरपणी म्हणतात. मग आम्ही जिल्ह्यांनुसार संदेश वेगळे केले, आणि त्या एका दुरुस्तीमुळे पुढची २ वर्षं ते काम माझ्याकडे राहिलं.

नव्याने लिहू लागलेली मुलं मला विचारतात, “ताई, काम कुठे मिळतं?” त्याआधी मी त्यांना शब्दांचे पत्ते देते, कारण मराठीत लिहून पोट भरायचं तर रोजचं काम बहुतेक अनुवादाचं, संहितांचं आणि मुद्रितशोधनाचं असतं, आणि तिथे योग्य शब्द पटकन सापडणं हेच भांडवल. हे भांडवल फुकट आहे, हे मला फार उशिरा कळलं. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शोधता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, पण जुना म्हणून बाजूला ठेवू नका. घरकाम, शेती, जनावरं, पाऊसपाणी यांचे इतके बारीक शब्द आजच्या कोशांत क्वचितच सापडतील. दाते-कर्वे पाहताना शब्दापुढची छोटी अक्षरं वाचायची सवय लावा, तो शब्द कुठल्या बोलीतला ते ती सांगतात. व. म्हणजे वऱ्हाडी, गो. म्हणजे गोमंतकी, कु. म्हणजे कुडाळी. ही अक्षरं मी तेव्हा वाचत असते, तर भांगलणीवर निदान दोनदा विचार केला असता.

सरकारी किंवा तांत्रिक मजकूर असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. त्यातला प्रत्येक शब्द वापरायलाच हवा असं नाही, पण बँक, कायदा, प्रशासन यांच्या कामात ग्राहक तोच शब्द मागतो. विषय समजून घ्यायला मराठी विश्वकोश आहेच. आणि मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १८ नियम (१९६२ चे १४, १९७२ चे ४) एकदा वहीत हाताने उतरवून काढा. मी उतरवले. ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या निम्म्या चुका तिथेच थांबल्या.

हात बसवायला मी सगळ्यांना स्टोरीवीव्हर सुचवते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेला हा मुलांच्या गोष्टींचा खुला संग्रह. कुणीही खातं उघडून गोष्ट मराठीत आणू शकतो, आणि अनुवादक म्हणून तुमचं नाव गोष्टीवर येतं. पैसे नाहीत, पण शिकायला मिळतं ते फार मोलाचं. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर एखादंच वाक्य असतं. वाटतं, तासाभराचं काम. माझ्या पहिल्याच गोष्टीत शाळेतलं एक माणूस मुलीशी बोलतं, इंग्रजीत नुसतं ‘टीचर’. मराठीत क्रियापद आलं की अडलं. ‘बाई म्हणाल्या’ की ‘सर म्हणाले’? चित्रात पाठमोरी आकृती. तीन पानं पुढे जाऊन साडीचा काठ दिसला, तेव्हा बाई ठरल्या. पुढे एक ‘अंकल’ आले, आणि काका, मामा की शेजारचे काका हे ठरवायला अख्खी गोष्ट पुन्हा वाचावी लागली. अशा पाच-सहा गोष्टी करा. काम मागताना नमुना दाखवायला त्याच उपयोगी पडतात.

कथा-कवितांसाठी प्रतिलिपी हे ॲप आहे, तिथे वाचक लगेच मिळतात. हुरूप येतो, ते खरं. पण तुमची वाक्यं लाल शाईने खोडणारा संपादक तिथे मिळत नाही, आणि सुरुवातीला मला त्याचीच जास्त गरज होती. तो दिवाळी अंकांत मिळू शकतो. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ही परंपरा आजही नव्या माणसाचं लिखाण छापते. दिवाळी तोंडावर आल्यावर पाठवू नका, मे-जूनमध्येच संपादकांना ईमेल करा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं तशा अक्षरांत पाठवा, हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो नकोत. छपाईसाठी तो जुन्या फाँटमध्ये वळवला गेला तर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ असल्या शब्दांतला ऱ मोडतो. म्हणून छापण्याआधी प्रूफ मागा आणि सगळ्यात आधी तेच शब्द तपासा.

पहिलं पुस्तक तयार असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. तिची जाहिरात येते, तेव्हा हस्तलिखित हाताशी हवं. मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, तीही वाचा. वय ३० च्या आत असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट राबवत असलेल्या, तरुण लेखकांसाठीच्या पीएम-युवा योजनेवर लक्ष ठेवा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत निवड झालेल्यांना ६ महिने दरमहा ५० हजार रुपये मिळतात, आणि मराठीतून लिहिता येतं. विषय मात्र ते ठरवून देतात.

नोंदणी शुल्क भरा मग काम देतो, सहभाग शुल्क भरा मग संग्रहात कविता घेतो, असं कुणी म्हटलं की तिथून उठा. लिहिणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात.

आता पैशांचं. अनुवादाचा दर शब्दावर ठरतो, पण कुठल्या शब्दांवर ते आधी विचारा. इंग्रजीतल्या ‘इन द हाउस’ या तीन शब्दांचा मराठीत ‘घरात’ हा एकच शब्द होतो. मराठी शब्द मोजून पैसे देणार असतील तर त्याच दरात तुमच्या हाती बरेच कमी पैसे येतात. मला हे कळलं, तोवर ६० पानांचं एक काम मी त्याच हिशेबाने करून दिलं होतं. एका एजन्सीने तर तेवढेही पैसे दिले नाहीत, आणि माझ्याकडे दर ठरल्याचा एक ईमेलसुद्धा नव्हता, सगळं फोनवर. तेव्हापासून फोन झाला की दहा मिनिटांत मी ईमेल टाकते: शब्द किती, दर काय, तारीख कोणती, पैसे किती दिवसांत. ठरावीक रकमेच्या वर मानधन गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात. पॅन दिलेला असू द्या, आणि वर्षाअखेरी २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) तपासून विवरणपत्र भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर तो पैसा परत मिळतो.

हक्कांचं तर कुणीच सांगत नाही. तुम्ही नोकर म्हणून नव्हे, स्वतंत्रपणे लिहिता, तेव्हा लेखनाचा पहिला मालक सहसा तुम्हीच असता. अनुवादालाही स्वतंत्र स्वामित्वहक्क असतो, फक्त मूळ लेखनाचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याची परवानगी हवी. १९५७ च्या कायद्याचं कलम १९ वाचा: हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं, मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. गेल्या वर्षी एका पुस्तकाच्या करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी ओळ आली. सही करायला हात धजेना. दोन दिवस ते कागद टेबलावर पडून होते. शेवटी ती ओळ खोडून मी ‘मराठी छापील आवृत्ती, ५ वर्षांसाठी’ असं लिहिलं, ऑडिओचं वेगळं ठरवू असं खाली घातलं आणि पाठवून दिलं. वाटलं, काम गेलं. तिसऱ्या दिवशी प्रकाशकांचं उत्तर आलं, “ताई, चालेल. नवीन प्रत सही करून पाठवतोय.”